पडद्याची सनद, गाण्याची वहिवाट

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालेल्या प्रवाशास कुंभारी मागे पडल्यावर जे गाव लागते, त्या आमच्या वळसंगात ‘बँड’ या शब्दाच्या अर्थाविषयी कालपरवापर्यंत कोणाच्याही मनात संदेह नव्हता. लाल डगले, पितळी बटणे, खांद्याभोवती वेटोळे घालून बसलेला तो अजस्र भोंगा, आणि नवरदेवाचा मामा खिशात हात घालीपर्यंत वरातीच्या घोड्यापुढे एकच गाणे आळवीत उभा राहणारा घामाघूम ताफा, एवढ्या सामग्रीने तो अर्थ परिपूर्ण होत असे. अलीकडे मात्र गावातील चार तरुणांनी त्या शब्दास दुसरा अर्थ जोडला आहे. जुन्या वापरातली एक विजेची गिटार, हप्त्याने घेतलेला ड्रमचा संच, कोणाच्या तरी मावसभावाने पुण्याहून पाठविलेला ध्वनिवर्धक आणि खास आपली म्हणून एक हलगी, एवढ्या ऐवजावर ते एका रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी जमतात, स्वतः रचलेली गाणी मराठीत आणि क्वचित कानडीत म्हणतात, आणि म्हशी बिथरतात अशा शेजाऱ्यांच्या तक्रारी शांत चित्ताने ऐकून घेतात.

मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे आणि त्यातील दोघांना पाढे शिकविण्याचे पातक माझ्या पदरी असल्यामुळे, या शेडमध्ये मला मुक्तद्वार आहे. एके संध्याकाळी गिटारवाल्याचे वडील दारात उभे राहिले, दोन गाणी त्यांनी निमूटपणे ऐकली आणि शेवटी विचारले, “समदं खरं हाय, पण टीव्हीवर कवा येणार बे तुम्ही?” पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही; कारण तो प्रश्न एकट्या त्या बापाचा नसून आपल्या सबंध समाजाचा आहे, आणि कलावंताच्या गुणाची पावती पडद्यावरून फाडून मिळाल्याखेरीज त्याच्या कष्टास धंदा म्हणावयाचे की छंद हे ठरविता येत नाही, अशी आपण सर्वांनी आपली समजूत करून घेतली आहे.

तीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आमच्या गावात त्या काळी माळवदावरची ॲल्युमिनियमची काठी वाऱ्याने फिरली की दूरदर्शनवर बातम्या सांगणाऱ्या बाईंना चार-चार चेहरे फुटत. पण सोलापुरात आमच्या एका आप्तांकडे नुकतीच केबलची तार आली होती आणि तीतून अहोरात्र परदेशी गाणी वाहत होती. गोऱ्या चेहऱ्यांच्या त्या ओघात एकाएकी केस वाढविलेली, परंतु नाकाडोळ्यांनी आपल्यातलीच वाटावीत अशी काही मुले गिटारी घेऊन इंग्रजीत गाताना दिसली, आणि आप्तांचा मुलगा अभिमानाने म्हणाला, “काका, हे मुंबईचे आहेत.” गाणे मला कळले नाही, हे कबूल करतो. पण त्या पोराच्या स्वरातील अभिमान कळला. त्या बँडचे नाव इंडस क्रीड.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ या नावाने ही मंडळी एकत्र आली. उदय बेनेगल गाणारे, महेश तिनईकर गिटार वाजविणारे, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर, मार्क सेल्विन बेसवर. मधल्या काळात काही जण आले, काही गेले. इतरांची गाजलेली इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवून दाखविणे हीच ज्या काळी अशा बँडांची कसोटी मानली जाई, त्या काळी यांनी स्वतःची गाणी रचण्याचा हट्ट धरला आणि १९८८ व १९९० साली आपल्या स्वतंत्र रचनांचे दोन संग्रह काढले. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, आयआयटीचे महोत्सव आणि मुंबईत धोबीतलावाजवळचे रंगभवन, ही त्यांची पंढरी. वारकरी पायी जातात, हे गाडीत वाद्ये कोंबून जात, एवढाच फरक. पुढे १९९१ साली स्टारच्या उपग्रहावरून एमटीव्ही भारतात उतरली, आणि गाण्याची चित्रफीत हा जो नवाच प्रकार तिने आणला, त्यात ही मंडळी अशी चपखल बसली, की एरवी काही सहस्र श्रोत्यांपुरती मर्यादित असलेली त्यांची कीर्ती हाँगकाँगपासून दुबईपर्यंत पसरली आणि त्या वाहिनीच्या आशियाई प्रेक्षकांचा पुरस्कारही त्यांच्या पदरी पडला. १९९३ साली त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले. १९९५ साली त्याच नावाचा संग्रह आला. आणि १९९७ साली, म्हणजे कीर्तीचा सूर्य माथ्यावर आल्यास चार-पाच वर्षेही लोटली नाहीत तोच, बँड मोडला.

तो का मोडला याचे उत्तर शोधताना लोक सहसा स्वभावाकडे वळतात: भांडणे झाली असतील, डोक्यात हवा गेली असेल, इत्यादी. माणसे तेरा वर्षे एकत्र राहिली म्हणजे भांडणे होतातच. आमच्या गावच्या सोसायटीत ती तेरा दिवसांत होतात. माझ्या मते खरे कारण वाहिनीच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले होते. १९९४ मध्ये स्टार आणि एमटीव्ही यांची फारकत झाली, त्या जागी चॅनल व्ही उभी राहिली, १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे परत आली, आणि दोघींनाही एकाच वेळी उमगले की इंग्रजी समजणाऱ्या मूठभर नागर तरुणांपेक्षा हिंदी ऐकणारे कोट्यवधी प्रेक्षक जाहिरातदारास अधिक प्रिय आहेत. १९९५ साली अलिशा चिनॉयच्या गाण्याने हिंदी पॉपची बाजारपेठ सिद्ध केलीच होती. पाठोपाठ चित्रपटगीतांनी उरलासुरला वेळ व्यापला. यात वाहिन्यांचा काही अपराध होता असे मी म्हणत नाही. दुकानदाराने खपणारा माल पुढे मांडावा, हे न्याय्यच. प्रश्न एवढाच की ज्यांनी आपली सारी प्रतिष्ठा त्या दुकानाच्या काचेत मांडली होती, त्यांच्यापाशी काच बदलल्यावर उरले काय?

आमच्या भागात जमिनीचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि त्यामुळे येथल्या अडाणी माणसासही जुन्या दप्तरातील दोन शब्दांतला भेद पक्का ठाऊक असतो. सनद म्हणजे सरकारचा शिक्का असलेला कागद. वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष नांगर चालविण्याचा, बांधावरच्या बाभळीचा पाला तोडण्याचा, विहिरीवर मोट धरण्याचा अव्याहत शिरस्ता. सनद पेटीत असूनही जमीन भलत्याच्याच वहिवाटीत गेलेली घराणी मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी पाहुण्यास तो कागद मोठ्या थाटाने उलगडून दाखविला जातो आणि चहात मात्र दूध बेताचे असते. दूरचित्रवाणीची कीर्ती ही या जातीची सनद आहे. ती खोटी नसते, तिच्यावरचा शिक्काही अस्सल असतो. पण जिच्यातून पीक निघावे अशी गावे, मैदाने, श्रोते आणि गाण्यांची मालकी तिच्याबरोबर आपोआप येत नाही, आणि जो दरबार ती देतो त्या दरबाराचा कारभारीच पुढल्या सालात बदललेला असतो.

सोलापूरकरांस हे सांगण्याची गरज पडू नये. पेशवाईच्या अखेरच्या काळात याच सोलापुरात राम जोशी होऊन गेले: वेदविद्येच्या घरातले, संस्कृत काव्यशास्त्रात मुरलेले, आणि तरीही धोंडी शाहिराच्या फडाच्या ओढीने घर सुटलेले. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारापर्यंत त्यांची डफाची थाप पोहोचली, द्रव्य आले, आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने ते गेले अशी आख्यायिका आहे. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला तेव्हा ही कथा घरोघर पोहोचली. १८१८ साली तो दरबारच बुडाला. बाजीराव बिठूरला गेला. परंतु राम जोशींची लावणी ढोलकीवर चढायची काही थांबली नाही, कारण तिची वहिवाट दरबारात नव्हती. ती फडाफडांतून, जत्रेजत्रेतून, सुपारी देणाऱ्या गावांच्या चावडीवर रुजलेली होती. (‘सुपारी’ या शब्दास मुंबईच्या गुन्हेगारी बातम्यांनी जी बदनामी आणली तीबद्दल मला अतिशय वाईट वाटते. इसार घेऊन, तिथी ठरवून, ताफ्याने अमुक गावी अमुक रात्री हजर राहावे असा तो एक सोज्ज्वळ करार होता, आणि कलावंतांच्या बोलीत तो अजूनही तसाच आहे.)

पडद्याच्या सनदेचा सर्वांत विलक्षण दाखला मात्र अमेरिकेतला आहे. १९६५ साली तेथील काही निर्मात्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन एका काल्पनिक रॉक बँडच्या मालिकेसाठी चार तरुण निवडले आणि १९६६ च्या सप्टेंबरात ‘द मंकीज’ ही मालिका सुरू झाली. बँड खोटा, गाणी इतरांची, वाद्येही पडद्यामागे दुसरेच वाजविणार. पण तबकड्या खऱ्याखुऱ्या खपू लागल्या आणि मालिकेस एमी पुरस्कारही मिळाला. गंमत पुढेच आहे. नाटकातल्या राजाने खराच मुकुट मागावा तसे या चौघांनी आपल्या गाण्यांवर आपला अधिकार मागितला, संगीताचा सर्वाधिकारी म्हणून नेमलेल्या डॉन कर्शनरला दूर सारावयास लावले, आणि १९६७ साली ‘हेडक्वार्टर्स’ हा संग्रह प्रामुख्याने स्वतःच्या हातांनी वाजवून काढला. पुढल्याच वर्षी मालिका बंद पडली, पाठोपाठ त्यांचा चित्रपटही आपटला. तरीही ज्या कामाबद्दल जाणकारांनी त्यांना पुढे मान दिला, ते त्यांनी ‘आमचे आम्ही वाजवू’ म्हणून भांडून मिळविलेले काम होते. त्या चौघांतला सर्वांत हट्टी मायकेल नेस्मिथ. त्यानेच पुढे केवळ गाण्यांच्या चित्रफितींचा एक कार्यक्रम काढला, जो एमटीव्हीचा पूर्वावतार मानला जातो. ज्याने वाहिनीच्या दावणीचे दोर तोडले, त्याच्याच कल्पनेतून १९८१ साली ती वाहिनी जन्मास आली, जिच्या दावणीला दहा वर्षांनी आमची मुंबईची पोरे बांधली गेली. दैवाला विनोदबुद्धी असते.

आता कोणी म्हणेल की हा सारा भूतकाळ झाला. मग अलीकडचे पाहू. पुण्याच्या अग्नी या बँडचे ‘आहटें’ हे गाणे एमटीव्हीच्या एका तरुणांच्या मालिकेचे शीर्षकगीत म्हणून देशभर गेले. ते गाणे ज्यांना तोंडपाठ आहे अशा दहा जणांना मी बँडचे नाव विचारले तेव्हा नऊ जणांनी मालिकेचे नाव सांगितले. दहावा पुण्याचा होता. केरळातील थैक्कुडम ब्रिज हा बँड २०१३ साली कप्पा टीव्हीच्या ‘म्युझिक मोजो’ कार्यक्रमामुळे घराघरांत पोहोचला आणि त्याने पुढे देशोदेशी कार्यक्रम करून ती कीर्ती सत्कारणी लावली. २०२२ साली ‘कांतारा’ चित्रपटातील ‘वराह रूपम’ हे गाणे आपल्या ‘नवरसम’वरून उचलले आहे असा दावा घेऊन हा बँड न्यायालयात गेला, न्यायालयाने ते गाणे वाजविण्यास तात्पुरती मनाई केली आणि पुढे ती उठलीही. दाव्याच्या गुणावगुणांत मी शिरत नाही. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच तपशिलाने: बँडप्रमाणेच मातृभूमी या वृत्तसमूहाची कंपनीही आपला स्वामित्वहक्क सांगत न्यायालयात उभी होती, आणि कप्पा टीव्ही ही त्याच समूहाची वाहिनी. सनद देणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा, दोघे एकाच वाड्यात राहत होते.

म्हणून माझे मत असे बनले आहे की दूरचित्रवाणीने कलावंताचे वाटोळे केले ही ओरड जितकी पोकळ, तितकीच ती त्याचे कल्याण करील ही आशाही. झी मराठीवरच्या २००८-०९ सालच्या लिटल चॅम्प्सची गोष्ट घ्या. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि आमच्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत, ही पाच मुले त्या हंगामात महाराष्ट्राने दत्तक घेतल्यासारखीच झाली होती, आणि इतकी वर्षे लोटल्यावरही ती गात आहेत. त्यांच्या गुणाचे श्रेय मी हिरावून घेत नाही. पण अभंग, नाट्यपद आणि भावगीत यांना आपल्याकडे गणेशोत्सव, दिवाळी पहाट, हरिनाम सप्ताह अशी आयती कुळे आहेत, पडदा मिटला तरी मांडव मिटत नाही. ज्यांना असा मांडव नसतो, त्यांना पडद्याकडेच परतावे लागते. २००५ साली पहिल्या इंडियन आयडॉलचा मान मिळविणारे अभिजीत सावंत २०२४ साली बिग बॉस मराठीच्या घरात दिसले आणि तेथे उपविजेते ठरले, तेव्हा मला तरी त्यांच्या जिद्दीचे कौतुक वाटले आणि आपल्या व्यवस्थेची लाज वाटली.

रॉक वाजविणाऱ्यांचा मांडव होता. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ नावाचा महोत्सव मुंबईत भरू लागला आणि रंगभवन हे त्याचे माहेर. उघड्या आकाशाखालचे ते नाट्यगृह रुग्णालय, न्यायालय आणि महाविद्यालय यांच्या शेजारी असल्यामुळे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा संस्थांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतताक्षेत्र ठरला तेव्हा, मैफलींना कायमचे मुकले. रुग्णास झोप मिळालीच पाहिजे, याविषयी वाद नाही. पण सरकारने एक दार लावताना दुसरे उघडावे, एवढी साधी मुनसफीही त्या वेळी कोणी दाखविली नाही. आणि चॅनल व्ही २०१८ साली बंद पडली तेव्हा अग्रलेख लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी रंगभवनासाठी त्याच्या निम्मीही शाई खर्चिली नव्हती. माझ्या हिशेबी बँडांचे अधिक नुकसान झाले ते त्या मैदानाच्या जाण्याने.

इंडस क्रीडची कथा १९९७ मध्ये संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कला जाऊन दुसरा बँड काढला, भारतात परतल्यावर बेनेगल व तिनईकर यांनी विजेच्या वाद्यांचा गजर बाजूस ठेवून साध्या गिटारींवर छोट्या बैठकी केल्या, आणि २०१० साली, बालापोरिया यांच्यासह व रुषाद मिस्त्री आणि जय रो कवी या तरुण वादकांना सोबत घेऊन, त्यांनी इंडस क्रीड पुन्हा उभा केला. २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रह आला. त्याच्या पाठीशी कोणतीही वाहिनी उभी नव्हती. केस पिकलेली माणसे लहान मंचांवर नवी गाणी वाजवीत होती, आणि समोर त्यांची जुनी चित्रफीत जन्मात न पाहिलेली पोरे उभी होती.

आमच्या वळसंगापुरते बोलावयाचे तर पडद्यावाचून चालणाऱ्या गाण्याचा पाठ आम्हांस दूर शोधावा लागत नाही. ज्या विहिरीचे पाणी १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते खुले झाले, ती आमच्या गावात आहे. एप्रिलात भीमजयंती आली की गायन पार्ट्या येतात, रात्रभर सामने रंगतात, आणि वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून जी वाट पाडली तीवरून आजही शेकडो गायकांचे संसार चालतात. त्यांतील कित्येकांना टीव्हीने कधी विचारले नाही, आणि त्यांनीही टीव्हीस नाही. बार्शीचे अमर शेख अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक घेऊन मैदाने गाजवीत, तेव्हा तर टीव्ही आपल्या देशात आलाही नव्हता. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्यांना जागा मिळते, मौत का कुआँ लागतो. गावोगावच्या यात्रा कमिट्या ऑर्केस्ट्र्याला आणि तमाशाला बिदागी मोजतात. त्याच जमाखर्चात एका रात्रीपुरते कलम जिल्ह्यातल्या स्वतःची गाणी रचणाऱ्या पोरांच्या नावाने पडावे, एवढीच माझी मागणी आहे. मानधन रोख द्यावे. ‘तुम्हांला व्यासपीठ देतो’ हे नाणे किराणा दुकानात चालत नाही.

आणि पोरांनीही आपल्या बाजूने कागद सांभाळावेत. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात गीतकार-संगीतकारांच्या मानधनातील वाट्याला असे संरक्षण मिळाले आहे की तो हक्क कंपनीने लिहून मागितला तरी देता येत नाही. परंतु ध्वनिमुद्रणाची मालकी जो मुद्रणाचा खर्च उचलतो त्या निर्मात्याकडे जाते आणि ती प्रकाशनापासून साठ वर्षे चालते. करारनाम्यावर सही करताना वीस वर्षांच्या मुलास साठ हा आकडा दिसतच नाही. त्याला समोरचा कॅमेरा दिसतो.

मागच्या आठवड्यात मी हे सारे त्या शेडमध्ये सांगितले. निम्मे त्यांनी ऐकले, निम्मे गिटारीच्या तारा पिळण्यात गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. प्रत्येक गाण्यास एक पान, वर तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, ठेका कोणाचा, आणि खाली सह्या. पहिल्या पानावर तिघांनी सह्या केल्या आणि वही मिटणार तोच ड्रमवाला म्हणाला, “गुरुजी, हलगीचा तुकडा आमच्या तात्यांनी बसवून दिलाय, त्यांचं नाव घालायचं का?” तात्या दारातच बिडी ओढीत बसले होते, सत्तरी ओलांडलेला माणूस, हयात वरातींपुढे वाजविण्यात गेलेली. कोणीतरी शाईचे पॅड शोधू लागला. तात्यांनी बिडी विझविली, हात धोतरास पुसला आणि म्हणाले, “अंगठा कशाला बे? पेन आण.”